अर्धी पाकळी

गियोमारला त्या व्यवहारात सुटायचे होते ते एकशेवीस रियाल. एका तबकडीमागे साठ, अशा दोन तबकड्या. त्या साली लिस्बनच्या बाजारात एकशेवीस रियालना चार कोंबड्या यायच्या, आणि बाई घासाघीस करणारी असली तर वर दोन अंडी. गियोमार घासाघीस करणारीच होती. होकायंत्राची जुनी तबकडी मोडायची म्हणजे कागद भिजवून सोलायचा, आतल्या लोखंडी तारा सोडवायच्या, चुंबकदगडावर पुन्हा घासायच्या, नवा कागद कापायचा, त्यावर बत्तीस पाकळ्यांचं फूल रंगवायचं, उत्तरेच्या लिलीला सोन्याचा वर्ख द्यायचा, या सगळ्याचे साठ. न मोडता तशीच दिली तर ते साठ वाचले. मेलेल्या नवऱ्याच्या हातच्या अशा तीस तबकड्या कपाटात होत्या. त्यातल्या बऱ्याचशा किनाऱ्याकिनाऱ्यानं मासे मारणाऱ्यांनी नेल्या आणि त्यांचं काही वाईट झाल्याचं ऐकिवात नाही. आपल्याला इथं फक्त त्या दोन हव्यात.

ऑगस्टातला शुक्रवार होता. नदीवरून वारा नव्हता, गल्लीत डांबराचा आणि शिळ्या सार्डिन माशांचा वास साचून राहिला होता. राजाच्या कोठाराचा कारकून साल्व्हादोर पाइश दुकानात शिरला तेव्हा गियोमार एका नव्या तबकडीवर लिलीची मधली पाकळी भरत होती. त्यानं काखेतलं गाठोडं टेबलावर ठेवलं, न विचारता वाडग्यातला एक ऑलिव्ह तोंडात टाकला आणि फडकं सोडलं. आत होकायंत्राचं लाकडी भांडं होतं. काच फुटलेली, पितळेची कडी हिरवी पडलेली, लाकडावर मिठाचे पांढरे ओघळ. पण तिला आधी दिसलं नाही, आधी वास आला. हा तेजू नदीच्या चिखलाचा वास नव्हता. दुसऱ्याच कुठल्यातरी पाण्याचा, जड, गोडसर, माणसाच्या केसांना येतो तसा. तिची कुंचली पुढं सरकली आणि लिलीच्या डोक्यावर सोन्याचा एक केस उमटला.

“मेस्त्रीणबाई, लेक सासरहून परत आली,” पाइश म्हणाला. “ओळखा.”

“‘सांता जुश्ता’वरची?”

“बघा, पोटची ओढ. मी नाव घेतलं नव्हतं.” त्यानं बी थुंकली. “तुमचा भाचा म्हणतो, ही खोटं बोलली म्हणून जहाज बुडालं. ज्यांचा माल बुडाला ते म्हणतात, भाचा खोटं बोलतो. सोमवारी तपासनीस सगळ्यांसमोर हिचा कागद सोलणार. आतल्या तारा लिलीच्या सरळ खाली निघाल्या, तर होकायंत्र चांगलं आणि वाटाड्या नालायक. मग लांसारोतला जन्माची हद्दपारी, तापाच्या किनाऱ्यावर. तिथं दुसरं वर्ष कोणी बघत नाही.”

“आणि तिरक्या निघाल्या तर?”

“तर दारावरचा हा राजाचा शिक्का मी उतरवून नेणार. कोठारात तुमचा माल बंद. वर वीस हजार दंड. त्यात घर जाईल असं वाटतं. पण मी कारकून आहे, मला वाटण्याचा पगार नाही.” त्यानं दुसरा ऑलिव्ह घेतला, तो मात्र बोटांत धरून ठेवला. “एक असतं. दुकानातल्या गुलामानं मालकाला न सांगता परभारे काही केलं, तर शिक्षा गुलामाला. त्याला विकून दंड भरायचा, शिक्का राहतो. मी आपला कायदा सांगितला. तुमच्याकडं तारा चिकटवतं कोण?”

मागच्या खोलीत चुंबकदगडावर लोखंड घासल्याचा आवाज चालला होता, सकाळपासून, एका लयीत. तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“बघून सांगते,” गियोमार म्हणाली.

“सोमवारी सांगा. तिलाही घेऊन या.” गाठोडं बांधून तो गेला. ‘तिला’ असं गियोमारनं कुठं म्हटलं नव्हतं.

तो गेल्यावर ती बराच वेळ उंबरठ्याकडं बघत बसली. उंबरठ्याच्या दगडात छिन्नीनं कोरलेली एक रेघ होती. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्यानं, मेस्त्री दुआर्तनं, आठ-दहा रात्री गच्चीवर कुडकुडत ध्रुवतारा धरून ती आखली होती. ती रेघ म्हणजे खरी उत्तर. गिऱ्हाईक यायचं, होकायंत्र त्या रेघेवर ठेवायचं, तबकडी थोडी डुलायची आणि लिली रेघेवर येऊन निजायची, मांजर पायाशी येऊन निजतं तशी. गिऱ्हाइकाचा चेहरा उजळायचा आणि हात कमरेच्या पिशवीकडं जायचा. पण लोखंडाला खरी उत्तर कळत नाही. लिस्बनमध्ये सुई उत्तरेच्या थोडी उजवीकडं बघते, सूर्य उगवतो त्या बाजूला, फुलाच्या अर्ध्या पाकळीइतकी. म्हणून दुआर्त तारा लिलीखाली सरळ लावायचाच नाही. तो त्या अर्धी पाकळी उजवीकडं सरकवून लावायचा. तारा त्यांच्या स्वभावानं वाकड्या बघायच्या आणि वरची लिली सरळ. त्याच्या वडलांनी तसंच केलं होतं, गल्लीतल्या सगळ्यांनीच केलं होतं. “उंबरठ्यावर खरी ठरली की झालं,” तो म्हणायचा. “जी घरी खोटं बोलते ती बाहेर काय खरं बोलणार?” लोखंडाची ही खोड जगात सगळीकडं सारखीच असणार असं त्यानं धरलं होतं. धरायला त्याचं काय जात होतं? तो आयुष्यात नदीपलीकडं दोनदा गेला होता, दोन्ही वेळा लग्नाला.

समुद्रावर जाणाऱ्यांना मात्र हळूहळू कळत गेलं. आफ्रिकेच्या टोकाशी सुई अगदी सरळ उत्तरेकडं बघते, आणि टोक ओलांडून पुढं गेलं की उलट डावीकडं वळायला लागते. म्हणजे लिस्बनच्या उंबरठ्यावर खरी ठरलेली लिली तिकडं अर्धी पाकळी खोटी, पुढं पाऊण, पुढं एक, दीड. शहाणे वाटाडे मग म्हणू लागले की आम्हाला तुमची दुरुस्ती नको, लोखंडाची खोड आमची आम्ही मोजू. दुआर्तला ते फार लागलं. त्या हिवाळ्यात तो खोकत होता, आणि खोकत खोकतच त्यानं त्या शेवटच्या तीस तबकड्या केल्या. सगळ्या तिरक्या. कोणीही मागितलेल्या नसताना.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत लांसारोत इथंच, याच स्टुलावर बसला होता. दुआर्तच्या बहिणीचा मुलगा, लांब हातांचा, बोलताना समोरच्याचं ताट अर्धं खाणारा. ‘सांता जुश्ता’चा वाटाड्या म्हणून त्याची पहिली मोठी फेरी होती.

“मामी, मामांची ती घरकोंबडी मला नको. उंबरठ्यावर लाडात येते आणि बाहेर गेली की कुणाची नाही. तारा लिलीच्या नाकाखाली सरळ हव्यात. आठ होकायंत्रं. सहा वर वापरायची, दोन राखीव.”

“चाळीस वर्षं तुझ्या मामानं तिरक्या लावल्या, त्या भाकरीवर वाढलास.”

“म्हणून तर वाकडा झालो,” तो म्हणाला आणि तिच्या ताटातलं सार्डिन उचललं. “मामी, हसा की. या खेपेला परत आलो तर विहीर असलेलं घर घेणार. बायको दिवसातून सहा वेळा घागर घेऊन पायऱ्या चढते, तिचे गुडघे आजीसारखे वाजतात. वाटाड्याला स्वतःची मिरी आणायला जागा देतात, तेवढ्यात विहीर होते.”

“आणि पाद्री तर म्हणत होते, तुम्ही सगळे देवासाठी निघालात.”

“देवासाठीच. इथं देव फुकट मिळतो, तिकडं फार महाग पडतो. म्हणून वजन करून आणायचा.”

मागच्या खोलीतून दोमिंगा हसली. तिचं हसणं दगडावर लोखंड घासल्यासारखंच होतं, कोरडं आणि लयीत. दोमिंगा म्हणजे दुआर्तनं तिसेक वर्षांपूर्वी गिनीच्या जहाजावरून विकत आणलेली मुलगी. तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. आपल्या गावाबद्दल तिला एवढंच आठवायचं की तिथली नदी तेजूपेक्षा रुंद होती आणि पलीकडचं माणूस हाक मारून ऐकू यायचं नाही. दुआर्तनं तिला काम शिकवलं आणि शेवटी ती त्याच्याहून चांगलं करायला लागली. तार दगडावर किती वेळा फिरवायची हे तो मोजायचा, ती बोटानं ओळखायची. मरताना त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं की माझ्या हातची शेवटची तबकडी दुकानातून जाईल त्या दिवशी दोमिंगा मोकळी. गियोमारला तेव्हा वाटलं होतं, हा माणूस बायकोसाठी घर ठेवून गेला आणि गुलामासाठी कोडं. पण दोमिंगाला ते कोडं वाटलं नाही. तिनं दारामागं कोळशानं रेघा ओढायला सुरुवात केली, गेलेल्या तबकडीला एक. आठवड्याच्या फुटकळ पैशांतून तिनं एक लोखंडी कढई विकत घेतली आणि खिळ्याला टांगून ठेवली. तिला हात लावू द्यायची नाही. मोकळी झाल्यावर ती नदीकाठी तळलेले मासे विकणार होती.

आज दारामागं एकोणतीस रेघा होत्या. तिसावी तबकडी गियोमारच्या कपाटात, चादरीखाली होती. कोणी मागत नाही असं ती सांगायची. ते खोटं नव्हतं. ती कोणाला दाखवतही नव्हती.

आणि आता तिला तो दिवस आठवायचा होता, ‘सांता जुश्ता’ची पेटी भरली तो. सहा होकायंत्रं गवतात नीट बसवली होती. राखीव दोन राहिली होती आणि कोठाराचे हमाल दारात उभे होते. दोमिंगा दोन तबकड्या हातात घेऊन म्हणाली, “बाई, या धन्यांच्या आहेत. तिरक्या. एक दिवस द्या, मोडून सरळ करते.” आणि गियोमार म्हणाली होती, “राखीव आहेत, पेटीतच राहतील. घाल.” एवढंच. त्यात पैशाचा विचार होता हे ती स्वतःशी नाकारत नव्हती. साठ आणि साठ. पण दुसरंही काही होतं. ते कागद सोलले असते तर आतला त्याचा सरस निघाला असता, बोटानं दाबलेला. तिला तो पाण्यात विरघळताना बघायचा नव्हता.

शनिवारी ती तुरुंगाच्या खिडकीशी गेली. खाली बायका टोपल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या, वरून गजांतून हात बाहेर आले होते, नुसते हात, फळ्यावर मांडल्यासारखे. लांसारोतचा तिनं ओळखला तो दोन बोटं नसल्यामुळं. तराफ्याच्या दोरानं नेली होती.

“मामी, आज सार्डिन आहेत ना? गेल्या खेपेला बायकोनं कांदा दिला. नुसता कांदा. मी म्हटलं, हिनं बहुतेक निकाल आधीच ऐकला.”

ती हसली नाही. मग तोही गजाला तोंड लावून हळू बोलायला लागला. टोकाशी वादळ झालं. सहाही तबकड्यांत पाणी गेलं, कागद फुगले, तारा गंजल्या. त्यानं राखीव काढली. ती सरळ तारांची धरली. त्याच्या वहीत प्रत्येक ठिकाणी सुई किती वळते ते लिहिलेलं होतं, त्याप्रमाणं तो हिशेब करत वर चालला, आफ्रिका डाव्या हाताला ठेवून. “उगवत्या सूर्यावरून तपासलं असतं, पण पाच दिवस आभाळ गाढवाच्या पोटासारखं. मी मधोमध चाललोय असं समजत होतो आणि दर तासाला डावीकडं, किनाऱ्याकडं घसरत होतो. अर्धी पाकळी, मामी. पाच दिवस अर्धी पाकळी. सहाव्या दिवशी तळाला वाळू लागली. किनारा दिसत नव्हता आणि पाणी छातीइतकं, आणि लाटा घराएवढ्या.”

“किती?”

“एकशे अठरा.” तो म्हणाला. “एक शिंपी होता, त्याला तिकडच्या राजाचे कपडे शिवायचे होते. मापं घ्यायला गाठी मारलेली दोरी घेऊन आला होता. दोन भाऊ होते, त्यांना काही नको होतं, घरच्या वाटणीच्या भांडणातून सुटायचं होतं फक्त. सुटले. एक साधू होता, त्याला धर्मासाठी शहीद व्हायचं होतं. तो वाचला. फार चिडलाय.” हात आत गेला, पुन्हा बाहेर आला. “मामी, ती तिरकी कोणी घातली ते मला सांगू नका. मला ऐकायचं नाही. फक्त सोमवारी उघडू दे.”

परतताना तिला सगळं वाकडं दिसायला लागलं. पायऱ्यांची कड, चर्चच्या दारावरचा क्रूस, शेजारणीनं वाळत घातलेल्या झग्याची दोरी, सगळं थोडंसं उजवीकडं गेलेलं. कोणाला सांगावं तर तो म्हणेल, कुठं, सरळच तर आहे. घरी आल्यावर तिनं भिंतीवरची सांता आनाची तसबीर हातानं नीट केली. मग लांब उभं राहून बघितलं. मग पुन्हा पहिल्यासारखी केली.

तिनं तो दिवस पुन्हा आठवून बघितला. पेटी, गवत, दारात हमाल. दोमिंगाच्या हातात दोन तबकड्या. दोमिंगा काय म्हणाली होती? ‘एक दिवस द्या’ म्हणाली होती की ‘एक दिवस लागेल’ म्हणाली होती? फरक होता. पहिल्यात विनवणी आहे, दुसऱ्यात कंटाळा. आणि ‘तिरक्या’ हा शब्द ती स्पष्ट म्हणाली होती का? हमाल मोठ्यानं बोलत होते. गियोमारला कदाचित ऐकूच गेलं नसेल. कदाचित तिनं नुसतं ‘घाल’ म्हटलं असेल, काय घाल ते न बघता. रविवारी प्रार्थनेला गुडघे टेकलेली असताना तिनं आणखी एकदा आठवलं, आणि या खेपेला दोमिंगा बोललीच नाही. ती पाठमोरी होती. तिचे हात पेटीत होते. तिचे खांदे घाईत होते. दारामागं रेघा वाढायला हव्यात अशी घाई कोणाला होती? गियोमारला तर एकशेवीस रियाल सुटायचे होते. दोमिंगाला दोन रेघा. कोणाची गरज मोठी हे कुठल्याही वाण्याला विचारा. गियोमारला ते इतकं स्पष्ट दिसलं की तिला बरं वाटलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. घरी येताना चर्चचा क्रूस सरळ होता.

त्या संध्याकाळी दोमिंगा मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “बाई, उद्या मला कशाला न्यायचंय?”

“विचारतील काही.”

“मग झगा धुऊन टाकते. राजाच्या कोठारात जायचं म्हणजे.” तिनं खवले पाण्यात झटकले. “तुम्हाला आठवतंय ना, मंगळवार होता. दारात हमाल होते, त्यातला एक नाक शिंकरत होता. तुम्ही म्हणालात, पेटीतच राहतील. मला सगळं आठवतं. मला दुसरं करायला असतं काय?”

“तू फार बोलतेस.”

“तीस वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारणार आहे. थोडी तालीम करते.”

गियोमारनं आतल्या खोलीत जाऊन चादरीखाली हात घालून तिसावी तबकडी चाचपली. होती.

सोमवारी कोठाराच्या अंगणात उन्हाचा पांढरा पत्रा पसरला होता. दोराची वेटोळी, बिस्किटांच्या गोण्या, एक मोडका नांगर. तपासनीस म्हातारा होता, डोळे अधू. त्यानं मासे कापायची बारीक सुरी मागवली. लांसारोतला बेड्या घालून आणलं होतं. तो उन्हात डोळे मिचकावत सगळ्यांकडं बघून हसत होता, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा. पाइश एका पिंपावर वही मांडून बसला. भिंतीच्या सावलीत एक वाळलेला साधू उभा होता, साक्षीदार म्हणून आणलेला, आणि सगळ्यांवर नाराज.

म्हातारा कागदाच्या कडेखाली सुरी घालून फिरवत गेला. वरचा कागद सुटला. गियोमारनं रंगवलेलं फूल खारानं फिकटलं होतं, लिलीवरचं सोनं मात्र जसंच्या तसं. आत दोन गंजलेल्या तारा होत्या. म्हाताऱ्यानं लिलीपासून मधोमध एक दोरा ताणला. तारा दोऱ्याच्या उजवीकडं होत्या. मोजायची गरज नव्हती, तरी त्यानं मोजलं.

“अर्धी पाकळी,” तो म्हणाला. लांसारोतनं डोळे मिटले.

“इथं काही लिहिलंय.” म्हाताऱ्यानं खालचा कागद नाकाशी नेला. तारांच्या मधे, सरसाखाली, तपकिरी झालेल्या शाईत बारीक अक्षरं होती. “‘गियोमार’. हे कुठलं जहाज?”

“मी,” गियोमार म्हणाली.

सत्तावीस वर्षं ती वरून फूल रंगवत आली होती आणि दोन कागद एकमेकांवर बसण्याआधी दुआर्त आत हे लिहीत आला होता. एकदाही बोलला नव्हता. खोकला आला की मान फिरवायचा, तशी ही गोष्टही त्यानं मान फिरवून केली होती. तिचं नाव त्या पाच दिवसांत दर तासाला डावीकडं घसरत गेलं होतं, त्या शिंप्याला आणि त्या दोन भावांना घेऊन. तिच्या तोंडात मीठ आलं. आत्ता बोलावं, असं तिला वाटलं; ते खरोखरच वाटलं.

“म्हणजे अक्षर तुमच्या नवऱ्याचं, आणि ही मेस्त्रींच्या हयातीतली,” तपासनीस म्हणाला. “मागणी तर ते गेल्यानंतरची, आणि स्पष्ट सरळ तारांची. मग मेलेल्या माणसाची तबकडी तिच्यात आली कशी? कोणी घातली?”

पाइशनं लेखणी दौतीत बुडवली आणि गियोमारकडं बघितलं, ऑलिव्ह हातात धरून बघितलं होतं तसं.

तिनं आठवलं. सगळं तयार होतं. पाठमोरे खांदे, घाईचे हात. “दोमिंगानं,” ती म्हणाली. “मृत्युपत्रात तशी अट आहे. जुन्या तबकड्या संपल्या की ती सुटणार होती. मला न विचारता घातल्या.”

दोमिंगा धुतलेल्या झग्यात उभी होती. तिनं आरडाओरड केली नाही. गियोमारकडं ती कुतूहलानं बघत राहिली, एखादी तार हवी तशी वळली नाही की बघायची तशी. मग तपासनिसाकडं वळून म्हणाली, “मंगळवार होता, धनी. दारात हमाल होते. मी म्हटलं, एक दिवस द्या. बाई म्हणाल्या, राखीव आहेत, पेटीतच राहतील.”

ती बोलत होती तेवढा वेळ पाइशनं लेखणी वर धरली होती आणि तिचं टोक निरखत होता. मालकाविरुद्ध गुलामाचा शब्द वहीत येत नाही. ती थांबल्यावर त्यानं पुन्हा लिहायला घेतलं.

दोमिंगानं मग लांसारोतकडं बघितलं. “तुम्ही तरी बोला. तुम्हाला माहीत आहे मी कशा लावते.”

लांसारोतला माहीत होतं. गियोमारला त्याच्या चेहऱ्यावर ते येताना दिसलं आणि येऊन परत जाताना दिसलं. त्यानं आपल्या बेड्यांकडं बघितलं, उरलेली तीन बोटं हलवली. “मी मागच्या खोलीत कधी गेलो नाही,” तो म्हणाला.

त्याच दुपारी त्याच्या बेड्या काढल्या. दोमिंगाला बावीस हजारांना साव तोमे बेटावरच्या एका साखरवाल्यानं घेतलं. वीस हजार दंडात गेले, वरचे दोन कारकुनाच्या लेखणीला लागले. दारावरचा शिक्का राहिला. जाताना तिला घरी येऊ दिलं नाही, त्यामुळं कढई खिळ्यालाच राहिली. साखरवाल्याच्या जहाजानं महिनाभरापूर्वीच या दुकानातून होकायंत्र नेलं होतं, दोमिंगाच्या हातचं, तारा लिलीच्या नाकाखाली सरळ. तेव्हा ती वाट न चुकता नीट पोचली असणार, याबद्दल गियोमारला कधी शंका आली नाही.

हिवाळाभर ती स्वतः तारा घासत होती. हातांना लोखंडाचा वास लागला तो सुटेना, भाकरीलाही यायला लागला. दगडावर किती वेळा फिरवायची ते ती मोजायची, आणि मोजताना चुकायची. मार्चमध्ये नवीन ताफा निघाला, नदीवर तोफा झाल्या, पाद्र्यांनी पाणी शिंपडलं. लांसारोत वर्षभरासाठी किनाऱ्यालाच होता. तो दुकानात येईनासा झाला. एकदा चर्चच्या दारात दिसला. “बरी आहात ना, मामी?” म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता गर्दीत मिसळला. त्याची बायको मागून येत होती, घागर घेऊन.

एप्रिलच्या एका सकाळी तो साधू आला. न बुडालेला. तो अजून चिडलेलाच होता, पण आता थोडा दमून.

“एक होकायंत्र हवं. समुद्रासाठी नको. समुद्र मला नको म्हणाला. माझ्या खोलीच्या खिडकीत ठेवायचं आहे. बघायला.”

गियोमारनं त्याला सरळ तारांचं दाखवलं. त्यानं ते उंबरठ्याच्या रेघेवर ठेवलं. लिली उजवीकडं जाऊन थांबली. “हे खोटं दाखवतंय,” तो म्हणाला.

“ते बाहेर गेल्यावर खरं होतं, फादर.”

“मला बाहेर जायचं नाही.”

ती आत गेली. चादरीखालून तिसावी तबकडी काढली. थोडा वेळ हातात धरून उभी राहिली. आत काय लिहिलंय ते तिला माहीत होतं, त्यासाठी कागद सोलायला नको होता. मग भांड्यात सुळक्यावर बसवून तिनं ती उंबरठ्यावर आणून ठेवली. तबकडी डुलली, आणि लिली रेघेवर येऊन निजली.

“अगदी खरी!” साधू म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सुटला. “केवढ्याला?”

“काय द्यायचं ते द्या.”

त्यानं झग्यातून नाणी काढून टेबलावर मांडली, एकेक करून, देवाघरचे पैसे असावेत तशी. होकायंत्र छातीशी धरून तो गेला.

गियोमार मागच्या खोलीत गेली, चुलीतला कोळसा घेतला, दार ओढून घेतलं आणि एकोणतीस रेघांशेजारी तिसावी ओढली. ती जरा तिरकी आली. मृत्युपत्रानुसार दोमिंगा त्या क्षणापासून मोकळी होती. हे तिला सांगायला कोणी नव्हतं, आणि ज्या बेटावर ती होती तिथं ते ऐकून घ्यायलाही कोणी नव्हतं.

तेव्हा एकूण बेरीज अशी. शिंप्यानं आणि दोन भावांनी आणि आणखी एकशे पंधरा जणांनी जीव दिला. लांसारोतनं दोन बोटं दिली आणि विहीर. त्याच्या बायकोनं गुडघे दिले, ते ती अजून रोज सहा वेळा देते. उरलेलं सगळं दोमिंगानं दिलं, आणि खिळ्याला एक कढई. गियोमारनं टेबलावरची नाणी दोनदा मोजली. एकशेवीस रियाल होते.